सभेत उभी राहणारी कविता

१९६३ साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या हक्कांसाठी झगडणारं एक शिष्टमंडळ पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांना भेटायला कॅनबेराला गेलं. भेटीत पंतप्रधानांनी आदरातिथ्य म्हणून मद्याचा पेला पुढे केला. शिष्टमंडळात क्वीन्सलँडहून आलेल्या एक बाई होत्या. त्यांनी मेन्झीस यांना सांगितलं, की आमच्या राज्यात आदिवासीच्या हाती असा पेला दिलात तर तुम्हाला तुरुंगात जावं लागेल. मेन्झीस यांना हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं देशाचा कारभार हाकणाऱ्या माणसाला आपल्याच देशातल्या एका समाजावर कसले कायदे लादलेले आहेत, याची कल्पना नव्हती.

आदिवासींच्या बाबतीत असा दारूचा कायदा किती क्रूर ठरू शकतो, हे त्या बाईंना चांगलं माहीत होतं. अल्बर्ट नामातजिरा हे आदिवासी चित्रकार त्या काळी जगभर गाजलेले. त्यांना १९५७ मध्ये नागरिकत्वाचे पूर्ण हक्क मिळाले आणि दुसऱ्याच वर्षी आपल्या माणसांना दारू दिल्याच्या गुन्ह्याखाली शिक्षा झाली. आपल्या माणसांत जे असेल ते वाटून घ्यायचं, हा त्यांच्या समाजाचा रिवाज. आणि तो पाळणं हाच गुन्हा ठरला. १९५९ मध्ये ते वारले. या बाईंनी त्यांच्यावर कविता लिहिली.

बाईंचं नाव कॅथ वॉकर. पंतप्रधानांच्या भेटीनंतर वर्षभरात, १९६४ मध्ये, ब्रिस्बेनच्या जॅकरँडा प्रेसनं त्यांचा ‘वी आर गोइंग’ हा कवितासंग्रह काढला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी व्यक्तीचा हा पहिला छापील कवितासंग्रह. गाणी आणि कथा त्या खंडावर हजारो वर्षं तोंडोतोंडी चालत आल्या होत्या. गद्यात डेव्हिड उनायपॉन यांनी १९२० च्या दशकात वाट पाडली होती. ऑस्ट्रेलियाच्या ५० डॉलरच्या नोटेवर आज त्यांचंच चित्र आहे. पण कवितेचं पुस्तक येण्यासाठी १९६४ साल उजाडावं लागलं.

पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात कॅथ वॉकर यांनी हे नाव टाकून उडगेरू नूनकल हे नाव घेतलं. आता जग त्यांना याच नावानं ओळखतं.

ब्रिस्बेनसमोरच्या मॉर्टन उपसागरात मिंजेरिबा नावाचं मोठं वालुकामय बेट आहे. इंग्रजांनी त्याला नॉर्थ स्ट्रॅडब्रोक हे नाव दिलं. नूनकल हे या बेटावरचे मूळचे लोक. या उपसागरातल्या आदिवासी समूहांना मिळून क्वांडमूका म्हणतात. ३ नोव्हेंबर १९२० रोजी कॅथलीन जीन मेरी रस्का हिचा जन्म झाला तो याच लोकांत. वडील टेड रस्का नूनकल होते. आई लूसी आतल्या मुलखातली. तिचं लहानपण ब्रिस्बेनच्या एका संस्थेत गेलं आणि तिथूनच तिला घरकामाला धाडण्यात आलं होतं.

त्या काळच्या क्वीन्सलँडमध्ये आदिवासींचं आयुष्य १८९७ च्या एका कायद्याच्या मुठीत होतं. आदिवासींचं ‘संरक्षण’ करण्यासाठी म्हणून तो केला होता. आदिवासीनं कुठे राहायचं, कुणाकडे काम करायचं, कुणाशी लग्न करायचं, हे ठरवण्याचा अधिकार त्यानं सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती दिला. अनेकांची मजुरी परस्पर सरकारी खात्यात जमा होई आणि कष्ट करणाऱ्याला आपल्याच पैशासाठी अर्ज करावा लागे. हे वेतन आमचं आहे, ते परत द्या, ही मागणी एकविसाव्या शतकातही न्यायालयात लढावी लागली.

बेटावरच्या डनविच गावी वृद्ध आणि निराधार लोकांसाठी सरकारी आश्रम होता. बेटावरचे आदिवासी तिथे राबत, पण त्यांना गोऱ्या कामगारांच्या बरोबरीची मजुरी मिळत नसे. टेड रस्का आणि त्यांच्या सोबत्यांनी ती मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं झुंज दिली. १९४४ मध्ये ती मिळाली. आदिवासींना समान वेतन मिळाल्याचं ऑस्ट्रेलियातलं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. मागण्या कशा मांडायच्या, त्यांच्यामागे किती वर्षं चिकाटीनं लागायचं, याचं शिक्षण कॅथला घरातच मिळालं.

तिला शाळेचं शिक्षण मात्र थोडंच लाभलं, आणि तेही मार खात. ती डावखुरी होती आणि डाव्या हातानं काम केलं की शिक्षक बोटांवर मारत. खरी शाळा भरायची ती किनाऱ्यावर. मासे कसे धरायचे, शिंपले कुठे सापडतात, कोणत्या प्राण्याच्या वाटेला जायचं नाही, हे ती भावंडांसोबत शिकली. खाण्यापुरतीच शिकार करायची, मौजेखातर जीव घ्यायचा नाही, ही वडिलांची सक्त ताकीद. कार्पेट स्नेक म्हणजे अजगराच्या कुळातला एक मोठा साप. तो वडिलांच्या कुळाचं दैवत. त्याला कुणी मारायचं नाही, मग त्यानं आईच्या कोंबड्या गिळल्या तरी. आईबापांच्या या भांडणावर पुढे त्यांनी एक खुसखुशीत पोवाड्यासारखी कविता लिहिली. ‘स्ट्रॅडब्रोक ड्रीमटाइम’ (१९७२) या मुलांसाठीच्या पुस्तकातही हे सगळं बालपण येतं. उडगेरूंची ओळख करून घ्यायची असेल तर या पुस्तकापासून सुरुवात करावी, असं मी आवर्जून सांगेन. दुःख आणि चीड यांच्या आधी त्यांच्या वाट्याला किती भरगच्च आनंद आला होता, हे त्यात दिसतं.

तेराव्या वर्षी शाळा सुटली. मंदीचे दिवस होते. कॅथ ब्रिस्बेनमध्ये गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून राबू लागली. सोळाव्या वर्षी परिचारिका व्हायची इच्छा धरली, तर आदिवासी म्हणून तिथे दार बंद.

ते दार उघडलं युद्धानं. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि तिचे दोन भाऊ जपान्यांच्या कैदेत गेले. त्याच वर्षी कॅथ महिला लष्करी दलात भरती झाली, टेलिफोनच्या स्विचबोर्डवर बसली आणि पुढे कॉर्पोरल झाली. गणवेश अंगावर असताना तिला जी बरोबरीची वागणूक मिळाली, ती त्याआधी कधी मिळाली नव्हती. ब्रिस्बेनमध्ये आलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांशी ओळखी झाल्या; वंशभेदाविरुद्ध संघटित होता येतं, हे त्यांच्या बोलण्यातून उमगलं. युद्धानंतर सैनिकांना मिळणाऱ्या सवलतीतून तिनं कार्यालयीन कामाचं शिक्षण घेतलं. युद्धकाळातच ब्रूस वॉकर या आदिवासी मुष्टियोद्ध्याशी लग्न झालं होतं. तो संसार टिकला नाही. डेनिस आणि व्हिव्हियन ही दोन मुलं कॅथ यांनी एकटीनं वाढवली, पुन्हा लोकांच्या घरची धुणी-इस्त्री करून.

या वर्षांत त्या काही काळ कम्युनिस्ट पक्षात होत्या. गोऱ्यांपुरताच ऑस्ट्रेलिया हे धोरण न मानणारा पक्ष त्यांना तोच दिसला. पण आपली भाषणं दुसरं कुणी लिहून देणार हे त्यांना पटलं नाही, आणि त्या बाहेर पडल्या. स्वतःचे शब्द स्वतःच उच्चारायचे हा त्यांचा हट्ट आयुष्यभर टिकला. त्यांची कविता समजून घ्यायची तर तो लक्षात ठेवायला हवा.

कविता त्या लिहीत होत्याच. जेम्स डेव्हनी या ज्येष्ठ कवीनं हुरूप दिला. हस्तलिखित जॅकरँडा प्रेसकडे गेलं आणि प्रकाशकांसाठी ते वाचलं ज्युडिथ राइट यांनी. राइट तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या आघाडीच्या कवयित्री. आदिवासींच्या जमिनीवर मोठमोठी कुरणं उभारणाऱ्या घराण्यात त्या जन्मल्या होत्या आणि त्या वारशाचा सल त्यांच्या लिखाणात उघड आहे. त्यांनी हे पुस्तक छापावंच अशी शिफारस केली. दोघींची मैत्री जन्मभर राहिली. राइट यांनी कॅथ यांना उद्देशून ‘टू ड्रीमटाइम्स’ ही कविता लिहिली. एकीच्या पूर्वजांनी दुसरीच्या पूर्वजांची भूमी घेतलेली, आणि तरी दोघी मैत्रिणी. ही अडचण त्या कवितेत न लपवता मांडली आहे.

‘वी आर गोइंग’च्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या संपल्या आणि कॅथ वॉकर त्या काळच्या सर्वाधिक खपणाऱ्या ऑस्ट्रेलियन कवींत जाऊन बसल्या. १९६६ मध्ये ‘द डॉन इज अ‍ॅट हँड’ आणि १९७० मध्ये ‘माय पीपल’ आलं.

समीक्षकांना मात्र हे पचलं नाही. ही कविता नव्हे, हा प्रचार आहे, असं कुणी म्हणालं. यमकं बाळबोध आहेत, असं कुणी. एका आदिवासी बाईनं हे स्वतः लिहिलं असेल का, अशी शंकाही घेतली गेली. मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. दलित कविता आली तेव्हा ‘ही कविता की घोषणा?’ हा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला होता. उडगेरूंनी हा आक्षेप झटकला नाही. आपली कविता साधी आहे, घोषणेच्या जवळ जाते, हे त्या स्वतःच सांगत. ती तशी असावी हीच त्यांची इच्छा होती. त्यांच्यासमोर बसलेल्या लोकांपैकी अनेकांना दोन-चार इयत्तांपलीकडे शाळा मिळाली नव्हती. त्यांच्या कानांना एकदा ऐकून कळेल, तोंडात बसेल अशी कविता त्यांना हवी होती.

‘अ‍ॅबोरिजिनल चार्टर ऑफ राइट्स’ ही कविता याचा उत्तम नमुना. १९६२ मध्ये अ‍ॅडलेडला आदिवासी हक्क परिषदेचं अधिवेशन भरलं, तिथे ती सादर झाली. काय हवं आणि काय नको, हे तिच्या ओळींमध्ये जोडीजोडीनं येतं: हवं ते एका अंगाला, नको ते दुसऱ्या. एकट्यानं मनात वाचली तर ती यादीसारखी वाटू शकते. मोठ्यानं वाचली की तिची लय हाती लागते आणि सभागृहानं सूर धरावा असा ठेका सापडतो. तिची परीक्षा सभेतच व्हायला हवी.

पण सगळीच कविता या जातीची नाही, आणि टीकाकारांनी नेमकं इथेच दुर्लक्ष केलं. ‘वी आर गोइंग’ या शीर्षककवितेत यमक नाही. एका टोळीची उरलीसुरली माणसं एका गावात येतात. जिथे त्यांचं बोरा रिंगण होतं, म्हणजे मुलांना जाणत्यांत घेण्याचा विधी होई ती पवित्र जागा, तिथे आता कचरा टाकायची पाटी आहे. माणसं बोलत नाहीत. त्यांच्या मनातलं कवितेत उमटतं. विधी, कथा, वीज, पहाट, पूर्वजांच्या सावल्या या सगळ्यांशी ती स्वतःला एक एक करून जोडतात, आणि मग एकेक गोष्ट निघून जाते. अनेकांनी या कवितेला मरणाऱ्या जमातीचा विलाप ठरवलं. उडगेरूंचं म्हणणं होतं की हा इशारा आहे: तुम्ही असेच वागत राहिलात तर आम्ही संपू, आणि वागणं बदललंत तर सोबत जगू.

‘म्युनिसिपल गम’ तर अगदी छोटी. गम म्हणजे आपल्या ओळखीच्या निलगिरीच्या कुळातलं झाड. रानातलं ते झाड शहराच्या रस्त्यात डांबरात रोवलेलं दिसतं आणि कवयित्रीला त्याच्यात आपली माणसं दिसतात. इतक्या कमी शब्दांत विस्थापनाबद्दल इतकं सांगणाऱ्या कविता कुठल्याही भाषेत फार नाहीत.

पुस्तकं खपत होती तेव्हा लेखिका मात्र देशभर हिंडत होती. आदिवासी हक्कांसाठीच्या राष्ट्रीय परिषदेच्या क्वीन्सलँड शाखेच्या त्या सचिव होत्या. परिषदेची मोठी लढाई होती राज्यघटनेतल्या दोन कलमांशी. कलम १२७ नुसार देशाची लोकसंख्या मोजताना आदिवासींना धरायचं नव्हतं. कलम ५१ मधल्या एका उपकलमामुळे राज्यांतल्या आदिवासींसाठी केंद्र सरकारला कायदाच करता येत नव्हता, म्हणजे त्यांचं भवितव्य सर्वस्वी राज्यांच्या मर्जीवर. आदिवासींना मतदानाचा हक्क ही कलमं बदलल्यामुळे मिळाला, असा समज ऑस्ट्रेलियातही पसरलेला आहे. प्रत्यक्षात संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क १९६२ मध्येच सर्व आदिवासींना मिळाला होता. राज्याच्या निवडणुकीत तो देणारं क्वीन्सलँड हे १९६५ मध्ये शेवटचं राज्य ठरलं.

घटना बदलायची तर सार्वमत घ्यावं लागतं. देशभरात बहुमत हवं आणि सहापैकी निदान चार राज्यांतही हवं. म्हणून तिथली बहुतेक सार्वमतं फसतात. आजवरच्या ४५ प्रस्तावांपैकी फक्त ८ मंजूर झाले. २७ मे १९६७ रोजी आदिवासींविषयीच्या प्रस्तावाच्या बाजूनं ९०.७७ टक्के मतं पडली. सहाही राज्यांनी होकार दिला. दहा वर्षं सभा, सह्या आणि भेटीगाठी यांनी हा विजय तयार केला होता, आणि अनेक सभांत आधी कॅथ वॉकर यांच्या कविता वाचल्या गेल्या होत्या.

विजयानंतर मात्र भ्रमनिरास झाला. कलमं बदलली, घरं बदलली नाहीत. हक्क परिषदेचा कारभारही गोऱ्या हितचिंतकांच्या हातात राहिला, हे त्यांना खुपत होतं. १९७० च्या अधिवेशनात यावरून फूट पडली. कॅथ वॉकर बाहेर पडलेल्यांत होत्या. त्यांचा मुलगा डेनिस त्याहून पुढे गेला आणि अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरच्या धर्तीवर ब्रिस्बेनमध्ये निघालेल्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक झाला. मार्ग वेगळे होते, तरी कोणता बरोबर हा निवाडा त्या काळाबाहेर बसून करण्यात अर्थ नाही.

कॅथ वॉकर मिंजेरिबा बेटावर परतल्या. डनविचजवळची एक जागा राज्य सरकारकडून भाडेपट्ट्यानं मिळाली. मालकी मागूनही मिळाली नाही. आपल्याच पूर्वजांच्या भूमीवर त्या भाडेकरू होत्या. तिथे त्यांनी ‘मूंगल्बा’ हे शिक्षण-संस्कृती केंद्र सुरू केलं आणि स्वतः एका कॅरव्हॅनमध्ये राहू लागल्या. पुढची दोन दशकं मुलं येत राहिली, गोरी आणि आदिवासी, हजारोंच्या संख्येनं. शिंपले वेचणं, मासे धरणं, टोपल्या विणणं, रानातलं काय खायचं हे ओळखणं, आणि रात्री कथा. मोठ्यांची मनं बदलण्यात आयुष्य घालवलेल्या या बाईनं आता मुलांवर भिस्त ठेवली होती.

१९७४ च्या नोव्हेंबरात एक विलक्षण प्रसंग ओढवला. नायजेरियातल्या आफ्रिकी कला महोत्सवाच्या तयारीच्या बैठकीहून परतताना त्यांचं विमान दुबईत पॅलेस्टिनी बंडखोरांनी पळवलं आणि ट्युनिसला नेलं. एका जर्मन प्रवाशाला ठार मारण्यात आलं. ओलीस असताना उडगेरूंनी विमानात उलटीसाठी देतात त्या कागदी पिशवीवर कविता लिहिल्या. त्यातली एक तर अपहरणकर्त्यांपैकी एका तरुणावर आहे.

नंतर बरीच वर्षं कविता मंदावली. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियन शिष्टमंडळाबरोबर चीनला गेल्या आणि ती पुन्हा वाहू लागली. त्यातून एक संग्रहच झाला. १९८६ च्या ‘द फ्रिंज ड्वेलर्स’ या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली. त्याआधी १९८३ मध्ये ब्रिस्बेनजवळच्या रेडलँड्स मतदारसंघातून राज्याच्या विधानसभेसाठी उभ्या राहिल्या होत्या आणि हरल्या होत्या.

१९८८ मध्ये गोऱ्या वसाहतीची दोनशे वर्षं साजरी होणार होती. कॅथ वॉकर यांना १९७० मध्ये ब्रिटिश राणीकडून एमबीई हा किताब मिळालेला. १९८७ च्या डिसेंबरात त्यांनी तो परत केला. आपल्या लोकांच्या भूमीवरच्या आक्रमणाचा सोहळा होत असताना तो ठेवणं त्यांना शक्य नव्हतं. त्याच वेळी इंग्रजी नाव टाकलं. उडगेरू म्हणजे पेपरबार्क, कागदासारखी साल सुटणारं झाड. ‘स्ट्रॅडब्रोक ड्रीमटाइम’मध्ये त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीच एक कथा लिहिली होती: आपल्या लोकांपासून तुटलेली एक बाई त्या सालीवर कोळशानं हरवलेल्या कथा लिहीत जाते. नाव त्या कथेत आधीच ठरलेलं होतं.

विरोध करतानाही त्यांनी बोलणं बंद केलं नाही. त्याच १९८८ मध्ये ब्रिस्बेनच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी आणि मुलगा व्हिव्हियन यानं ‘रेनबो सर्पंट’ ही पुराणकथा रंगमंचावर आणली. आपल्याच लोकांतून यावर टीका झाली. मला उडगेरूंची बाजू पटते. लाखो लोक येणार असतील तर त्यांच्यासमोर आपली कथा आपणच सांगायला हवी. १९९१ मध्ये व्हिव्हियन गेला. १६ सप्टेंबर १९९३ रोजी कर्करोगानं उडगेरूंचं निधन झालं. मूंगल्बाला मुलाशेजारी त्यांचं दफन केलं आहे.

त्यांच्या हयातीत बेटाची वाळू खाणींतून उपसली जात होती आणि त्या याविरुद्ध लिहीत, बोलत राहिल्या. ४ जुलै २०११ रोजी केंद्रीय न्यायालयानं मिंजेरिबावरचा क्वांडमूका लोकांचा पारंपरिक हक्क मान्य केला. २०१९ अखेर वाळूच्या खाणी बंद झाल्या. सगळंच असं पुढे गेलेलं नाही. आदिवासींचा सल्ला घेणारी कायमची संस्था घटनेत असावी, यासाठी १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमत झालं आणि सुमारे ६० टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटलं. १९६७ च्या नव्वद टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवला की या कविता अजून का वाचायच्या, हे कळतं. त्यांची मागणी अजून पुरी झालेली नाही.

उडगेरूंच्या कविता आज ऑस्ट्रेलियातल्या शाळांत शिकवल्या जातात. क्वीन्सलँडमध्ये २०१७ च्या निवडणुकीपूर्वी विधानसभेच्या मतदारसंघांची फेररचना झाली. १९८३ मध्ये त्या जिथे हरल्या, त्या परिसरातल्या आणि मिंजेरिबा बेटालाही सामावणाऱ्या एका मतदारसंघाचं अधिकृत नाव आता उडगेरू आहे.